दोन भाषांच्या घरात उशिरा बोलणारे मूल

परदेशातील मराठी घरात मूल दोन वर्षांचे झाले आणि अजून बोलू लागले नाही, की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून, पाळणाघरातून आणि क्वचित डॉक्टरांकडूनही येतो : घरात दोन भाषा असल्यामुळे मुलाचा गोंधळ होत आहे, तेव्हा काही दिवस मराठी बंद ठेवा आणि फक्त इंग्रजीत बोला. दुसरा पुण्याहून किंवा नाशिकहून व्हिडिओ कॉलवर येतो : मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता, उगाच काळजी करू नका. पहिल्या सल्ल्याला संशोधनाचा आधार नाही. दुसरा पुष्कळदा खरा ठरतो आणि म्हणूनच अधिक फसवा आहे. ज्या मुलांच्या बाबतीत तो खरा ठरत नाही, त्यांचे मोलाचे महिने वाट पाहण्यात निघून जातात. दोन्ही सल्ल्यांच्या मुळाशी समजूत मात्र बहुधा एकच असते : द्विभाषिक मुले उशिरा बोलतात. ही समजूत चुकीची आहे. जन्मापासून दोन भाषा ऐकणारी मुले पहिला शब्द, दोन शब्दांची जुळणी हे टप्पे एकभाषिक मुलांच्याच कालमर्यादेत गाठतात, असे गेल्या काही दशकांतील अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे.

बोलण्याआधीचे ऐकणे

भाषेचा आरंभ पहिल्या शब्दाच्या फार आधी होतो. नवजात बालक आईचा आवाज इतर स्त्रियांच्या आवाजापेक्षा अधिक पसंत करते, हे अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवून दिले. मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटेल असा प्रयोग मात्र १९८४ चा आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतील बाळांना हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा भेद सहज कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. इंग्रजीत हा भेद अर्थ बदलत नाही, म्हणून मेंदू त्याकडे लक्ष देणे सोडतो. मराठीत ‘ताक’ आणि ‘टाक’ यांत केवढा फरक आहे हे सांगायला नको. पहिल्या वाढदिवसापूर्वी, म्हणजे मूल एकही शब्द बोलत नसताना, घरात ऐकू येणारी मराठी हा भेद जपून ठेवण्याचे काम करीत असते. ही खिडकी पुढे कायमची बंद होते असे नव्हे; मोठेपणीही हे भेद शिकता येतात, परंतु त्यासाठी कष्ट पडतात.

हे ऐकणे कोणाकडून होते, यालाही महत्त्व आहे. सिएटलच्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडारिन चिनी भाषेची बारा सत्रे दिली. काही बाळांसमोर माणूस प्रत्यक्ष बसून खेळत, वाचत होता. काहींना तेच साहित्य पडद्यावर किंवा केवळ ध्वनिमुद्रणातून मिळाले. प्रत्यक्ष माणसाबरोबर खेळलेल्या बाळांना चिनी ध्वनींतील भेद कळू लागले. उरलेल्यांत काहीही फरक पडला नाही. टॅब्लेटवर दिवसभर मराठी बडबडगीते लावून ठेवणाऱ्या घरांनी याची नोंद घ्यावी. आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलची गोष्ट मात्र वेगळी आहे. दोन ते अडीच वर्षांची मुले दुतर्फा संवाद असलेल्या व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकू शकतात आणि त्याच धाटणीच्या आधी मुद्रित केलेल्या चित्रफितीवरून शिकत नाहीत, असे २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. आजीने प्रश्न विचारला, मूल हसले, आजीने त्या हसण्याला उत्तर दिले, ही देवघेव तेथे होत असते. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१६ च्या शिफारशींत दीड वर्षाखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्यास सांगताना व्हिडिओ कॉलचा अपवाद केला, तो याच जातीच्या अनुभवावर.

पायऱ्या आणि तक्ते

अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने आपला विकासतक्ता २०२२ मध्ये बदलला. पूर्वीच्या तक्त्यात साधारण निम्मी मुले ज्या वयात एखादी गोष्ट करू लागतात ते वय दिले जाई; आता किमान पंचाहत्तर टक्के मुले ती करतात ते वय दिलेले असते. त्यानुसार नवव्या महिन्यापर्यंत ‘बाबाबा’, ‘मामामा’ अशी अक्षरमाला, वर्षापर्यंत हात हलवून टाटा करणे, आई-बाबांना खास नावाने हाक मारणे आणि ‘नाही’ म्हटल्यावर क्षणभर थांबणे अपेक्षित असते. सव्वा वर्षाला आई-बाबांखेरीज एक-दोन शब्दांचा प्रयत्न, दीड वर्षाला तीन किंवा अधिक शब्दांचा प्रयत्न आणि खुणेशिवाय दिलेली एक साधी सूचना पाळणे, दोन वर्षांना दोन शब्दांची जोडणी, अडीच वर्षांना सुमारे पन्नास शब्द, असा पुढचा क्रम आहे.

पन्नास शब्दांची ही अट अडीच वर्षांवर ठेवल्याबद्दल वाक्-उपचारतज्ज्ञांनी बरीच टीका केली. त्यांच्या व्यवहारात लेस्ली रेस्कोर्ला यांनी १९८९ मध्ये मांडलेला निकष अजूनही रूढ आहे : दुसऱ्या वाढदिवशी पन्नासहून कमी शब्द किंवा शब्दांची जुळणीच नाही, तर ते मूल उशिरा बोलणाऱ्यांत गणावे. पालकांनी व्यवहारापुरते असे धरावे की नवा तक्ता ‘अजून चालेल’ म्हणण्यासाठी नाही. त्यातील एखादी पायरी हुकली, तर तीन-चतुर्थांश मुले पुढे गेली आहेत असा त्याचा अर्थ होतो.

मराठी मुलाचे शब्द कसे मोजावे

दवाखान्यातील प्रश्नावली इंग्रजी घर डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेली असते आणि बहुतेक मराठी आई-बाप ती भरताना मुलाचे निम्मे शब्द गाळतात. ‘मम्मम’ हा काही शब्द नव्हे, असे त्यांना वाटते. तो शब्दच आहे. ठरावीक ध्वनी ठरावीक अर्थाने पुन्हा पुन्हा वापरला जात असेल, तर उच्चार कितीही बोबडा असो, तो मोजायचा. भूर, दुदू, बाऊ, जोजो, माऊ, काऊ, हम्मा हे सारे मोजायचे. बाळबोलीला कमी लेखण्याचे तसेही कारण नाही. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये सहा भाषांतील बाळबोलीचा जो गाजलेला तौलनिक अभ्यास केला, त्यांतील एक भाषा मराठी होती आणि त्याच वर्षी अशोक केळकर यांचा मराठी बाळबोलीवरील स्वतंत्र निबंधही प्रसिद्ध झाला. द्विरुक्ती, ओठांवरचे सोपे वर्ण, आटोपशीर अक्षररचना अशी तिची घडण असल्यामुळे कोवळ्या जिभेला ती पेलते. परदेशी घरांत ‘पहिल्यापासून शुद्धच बोलायचे’ या आग्रहाने ती कधी कधी हद्दपार केली जाते, हे अनाठायी आहे.

मोजणीत आणखी एक मेख आहे. समजा, एक मूल तीस मराठी आणि पंचवीस इंग्रजी शब्द बोलते आणि त्यांतील दहा वस्तूंना त्याच्याकडे दोन्ही भाषांतले शब्द आहेत : दूध आणि मिल्क, बूट आणि शूज. केवळ इंग्रजी मोजणाऱ्याला हे मूल पंचवीस शब्दांवर अडलेले दिसेल. प्रत्यक्षात त्याच्याजवळ पंचावन्न शब्द आणि पंचेचाळीस कल्पना आहेत. बार्बरा पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये स्पॅनिश-इंग्रजी मुलांची शब्दसंपत्ती अशी एकत्र मोजली, तेव्हा ती एकभाषिक मुलांच्या तोडीस तोड निघाली. प्रत्येक भाषा सुटी घेतली, तर द्विभाषिक मूल मागे वाटू शकते. म्हणून तपासणीला जाताना दोन्ही भाषांतील शब्दांची यादी लिहून न्यावी.

‘पाणी दे’, ‘आजी गेली’, ‘अजून भात’ ही शब्दांची जुळणी झाली. ‘नको’ हा एक शब्द, मग इंग्रजीत त्यासाठी भले दोन-तीन लागोत. मराठी वाक्यात कर्ता बहुधा अध्याहृत असतो आणि क्रियापदच सारा भार वाहते. त्यामुळे मुलाच्या यादीत वस्तूंच्या नावांपेक्षा ‘दे’, ‘ये’, ‘बस’, ‘उघड’, ‘संपलं’ यांची गर्दी असली, तर त्यात वावगे काही नाही. ‘र’च्या जागी ‘ल’, ‘ट’च्या जागी ‘त’ हेही या वयात चालायचेच. दिवसभर आईशीच बोलणारा मुलगा ‘मी जाते’ म्हणतो, त्यावरही घरात चिंतेची परिषद भरवू नये. मराठीत बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलते आणि हे मूल जे रूप ऐकते तेच उचलते. मुंबई-पुण्याकडे आजोबा, काका, शेजारचे दादा यांच्या सहवासात ती दुरुस्ती आपसूक होते. परदेशात ती जबाबदारी बहुधा एकट्या बाबावर पडते, एवढाच फरक.

‘मला मिल्क दे’ या वाक्यात गोंधळ शोधणारेही चुकतात. लहान मूल दोन भाषांची आधी एकच व्यवस्था बनवते आणि नंतर ती विलग करते, असा सिद्धांत १९७८ मध्ये मांडला गेला होता. फ्रेड जेनेसी यांनी १९८९ मध्ये त्याचे साधार खंडन केले. मूल समोरचा माणूस पाहून भाषा निवडते, ज्या भाषेत शब्द हाताशी आहे त्या भाषेतला वापरते, आणि मोठ्यांचे अनुकरण करते. ‘शूज घाल, लेट होतोय’ असे म्हणणाऱ्या घराने मुलाकडून निर्भेळ वाक्याची अपेक्षा का करावी?

मराठी बंद केली तर

उपाय म्हणून मराठी बंद केल्याने उशीर भरून निघतो, असे दाखवणारा पुरावा नाही. नुकसान मात्र स्पष्ट आहे. मुलाला आधीच कमी शब्द येत असताना त्यांतले निम्मे एका रात्रीत निरुपयोगी ठरतात. आजी-आजोबांशी असलेला दुवा तुटतो. आई-बापांचे कार्यालयीन इंग्रजी कितीही सफाईदार असले, तरी लाडीगोडी, दटावणी, अंगाई, जेवताना घास भरवताना चालणारी बडबड त्या भाषेत तितकी सुचत नाही. घरातले एकूण बोलणेच कमी होते. डाउन सिंड्रोम आणि स्वमग्नता असलेल्या मुलांवरील अभ्यासांतही द्विभाषिक मुले त्याच स्थितीतील एकभाषिक मुलांपेक्षा मागे पडल्याचे आढळले नाही. भाषा शिकण्यात खरीखुरी अडचण असलेल्या मुलालाही घरची भाषा सोडायला लावण्याचे कारण उरत नाही, इतका याचा अर्थ गंभीर आहे.

सोडलेली भाषा पुढे सहज परत मिळते, हाही भ्रम आहे. ॲनिक डी हाउवर यांनी २००७ मध्ये बेल्जियममधील फ्लॅन्डर्स भागातील सुमारे एकोणीसशे द्विभाषिक कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. तेथे जवळजवळ चौथा हिस्सा मुले आई-बापांची अल्पसंख्य भाषा बोलतच नव्हती. ज्या घरांत दोन्ही पालक ती भाषा बोलत आणि स्थानिक भाषा फारतर एकच जण वापरी, तेथे यशाचे प्रमाण सर्वांत अधिक होते. ‘एक पालक, एक भाषा’ हे सूत्र अनेकांना धर्मवाक्यासारखे वाटते. ज्यूल रोंजा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये आपल्या मुलाच्या वाढीवर लिहिलेल्या पुस्तकामुळे ते प्रसिद्ध झाले. रोंजा फ्रेंच आणि त्याची पत्नी जर्मन भाषिक होती. दोन्ही पालक मराठी असलेल्या घराने हे सूत्र ओढूनताणून लावण्याची, म्हणजे बाबाने मुद्दाम इंग्रजीत बोलण्याची गरज नाही. इंग्रजी दाराबाहेर वाट पाहतच असते. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी निगडित मराठी शाळा मोलाचे काम करतात, पण मूल तेथे पोहोचेपर्यंत घरात कोणती भाषा चालायची हे बहुधा ठरून गेलेले असते.

पाळणाघरात पहिले काही आठवडे, कधी काही महिने, मराठी मूल इंग्रजीत अवाक्षर काढत नाही. हा मौनकाळ नव्या भाषेचा आहे. तेच मूल घरी येऊन मराठीत दिवसभराची हकिगत सांगत असेल, तर चिंता नसावी. दोन्हीकडे गप्प असेल, तर ते मौन निराळे आहे. खरा भाषाविकार मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो, आणि म्हणूनच ‘द्विभाषिक आहे, म्हणून उशीर’ हे उत्तर कोणाकडूनही, अगदी डॉक्टरांकडूनही, स्वीकारू नये.

कधी थांबू नये

दोन वर्षांच्या मुलांपैकी साधारण दहा ते वीस टक्के मुले उशिरा बोलणारी असतात आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण अधिक असते. त्यांतील बहुसंख्य शाळेच्या वयापर्यंत इतरांना गाठतात. आजीचे म्हणणे ते हेच. परंतु दुसऱ्या वाढदिवशी समोर बसलेले मूल गाठणाऱ्यांतले की मागे राहणाऱ्यांतले, हे खात्रीने सांगणारी चाचणी नाही. भाषाविकासाचा विकार सुमारे सात टक्के मुलांत आढळतो, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोघांत. त्याचे परिणाम पुढे वाचनावर, अभ्यासावर आणि मैत्रीवरही होतात.

बोलण्यापेक्षा समजण्याकडे आधी पाहावे. खूण न करता ‘बूट आण’ म्हटल्यावर बूट आणणारे, बोट दाखवून लक्ष वेधणारे, नजर मिळवणारे आणि ‘चहा प्यायचा’ खेळ खेळणारे मूल कमी बोलत असले तरी त्याचे चिन्ह चांगले असते. दहा महिन्यांपर्यंत अक्षरांची बडबड नाही, वर्षापर्यंत बोट दाखवणे किंवा इतर हावभाव नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःची दोन शब्दांची जुळणी नाही, यांपैकी काहीही असल्यास तपासणी करून घ्यावी. आणि येत असलेले शब्द किंवा हसणे-खेळणे कोणत्याही वयात नाहीसे होऊ लागले, तर पुढच्या नियमित भेटीची वाटही पाहू नये.

पहिली तपासणी कानांची. नवजात बालकाची श्रवणचाचणी उत्तीर्ण झाली होती, एवढ्यावर विसंबता येत नाही. काही श्रवणदोष नंतर उद्भवतात आणि सर्दी-कानदुखीनंतर मध्यकर्णात साचलेला द्रव महिनोन्‌महिने ऐकणे मंद करू शकतो. असे मूल दार आपटल्यावर दचकते, विमान दाखवते, म्हणून घरच्यांना त्याला ऐकू येते असेच वाटत राहते. त्याच्यापर्यंत ‘स’, ‘त’, ‘प’ यांसारखे हलके ध्वनी मात्र पोहोचत नसतात.

जिभेखालचा पडदा आखूड असल्याने मूल बोलत नाही, हे कारणही घरोघरी ऐकू येते. त्याने काही उच्चारांत अडचण येऊ शकते, शब्दच न येण्याचे ते कारण नव्हे. जिभेवर मधातून वेखंड उगाळून लावण्याची चाल अनेक घरांत अजून आहे आणि भारतातून येणाऱ्या सामानात वेखंडही येते. बोटुलिझमच्या धोक्यामुळे वर्षाखालील बाळाला मध मुळीच द्यायचा नसतो आणि अमेरिकेत अन्नपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी आहे.

घरी काय करावे

‘म्हण ना, काकांना म्हणून दाखव’ ही परीक्षा बंद करणे, हे पहिले. मूल ज्याकडे पाहत आहे त्याविषयी बोलावे, मग थांबावे, पाच-सात सेकंद खरोखर थांबावे. त्याने ‘गाडी’ म्हटले, तर ‘लाल गाडी’ म्हणावे. ‘दुदू’ म्हटले, तर ‘दूध हवंय? गरम दूध’ असे उत्तर द्यावे. एक शब्द वाढवून परत देणे, एवढेच. नुसत्या शब्दांच्या भडिमारापेक्षा आळीपाळीच्या बोलण्याचे मोल अधिक असते. सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा या कामी सर्वांत उपयोगी. त्यांच्यासमोर दूरचित्रवाणी कमी लागेल, एवढे पाहावे.

दार कुठे ठोठवावे

अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांसाठी प्रत्येक राज्यात ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ ही योजना आहे. तिला केंद्रीय कायद्याचा आधार आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून पालक स्वतः दूरध्वनी करू शकतात, मूल्यमापन मोफत असते आणि मुलाचे नाव आल्यापासून पंचेचाळीस दिवसांत मूल्यमापन व पहिली नियोजन-बैठक व्हावी असा नियम आहे. मूल्यमापन शक्य तेथे मुलाच्या भाषेत करण्याची तरतूद कायद्यातच आहे. मराठी दुभाषा मागण्यात संकोच करू नये. पुढील उपचारांसाठी काही राज्यांत उत्पन्नानुसार शुल्क पडते. तिसऱ्या वाढदिवसानंतर हे काम स्थानिक शाळाविभागाकडे जाते आणि पात्रतेचे निकषही बदलतात, म्हणून अडीच वर्षांच्या मुलाचा अर्ज आणखी लांबवणे महागात पडते.

इंग्लंडमध्ये दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान हेल्थ व्हिजिटरकडून विकासाची पाहणी होते. शंका असेल तर त्या भेटीची वाट न पाहता संपर्क करता येतो आणि अनेक भागांत एनएचएसच्या वाक्-उपचार विभागाकडे पालक थेट नाव नोंदवू शकतात. प्रतीक्षायादी लांब असते. नाव लवकर घालून ठेवावे आणि मधल्या काळात मूल बोलू लागले, तर आनंदाने काढून घ्यावे.

मराठी बोलणारा उपचारतज्ज्ञ मिळाला तर उत्तमच, तो भारतातून ऑनलाइनही भेटतो. तेव्हा भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी पाहावी. अमेरिकेत वाक्-उपचाराचा परवाना राज्यागणिक असतो, त्यामुळे भारतातील तज्ज्ञाच्या सत्रांचा खर्च विम्यातून मिळेल असे गृहीत धरू नये. स्थानिक तज्ज्ञाला मराठी येत नसेल, तरी काम अडत नाही. उपचाराचे तंत्र तो आई-बापांना शिकवतो, आणि ते मुलाशी मराठीत वापरण्याचे काम घरचेच करतात.